वाचवलेला भागाकार

मी भागाकार केला नाही. एवढीच माझी चूक. चौथीतल्या पोराने ती केली असती तर बाईंनी त्याला बाकावर उभं केलं असतं. मी सरकारी शास्त्रज्ञ होतो, म्हणून मला जहाजावर पाठवलं. संपादकांनी "नोकरीतले रंजक अनुभव लिहा" असं कळवलं, तेव्हा डोळ्यांसमोर पहिल्यांदा हाच अनुभव आला. तो रंजक आहे की नाही ते वाचकांनी ठरवावं. ज्या बाईला तो भोगावा लागला तिला तो तसा वाटला नव्हता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीला औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमची कचेरी होती. काम समुद्राचं, पण कचेरीतून समुद्र दिसत नसे. दिसायचं ते खालच्या कंगव्यांच्या कारखान्याचं पत्र्याचं छप्पर, आणि वास यायचा तो वितळलेल्या प्लास्टिकचा. विमानतळ जवळ, त्यामुळे दर थोड्या वेळाने एक विमान डोक्यावरून जायचं आणि तेवढा वेळ देशाचं समुद्रविज्ञान थांबायचं. बोलणारा अर्ध्या वाक्यात गप्प व्हायचा, ऐकणारे माना वर करून पंख्याकडे बघत बसायचे, विमान गेलं की वाक्य राहिलं होतं तिथून पुढे सुरू. बायको म्हणायची, मी घरी मुलुंडलाही बोलता बोलता मध्येच थांबतो आणि कशाची तरी वाट बघतो.

माझं काम काय, हे आईला पटवण्यात मी बरीच वर्षं घालवली. आई मालवणकडची. बाबा गिरणीत, मी शिकून सरकारी नोकरीत लागलो याचा तिला अभिमान होता. पण मी समुद्राचं तापमान बघतो हे कळल्यावर तिने तोंडाला पदर लावला.

"दर्याक ताप इलो काय रे? थर्मामीटर घेवन खंय चललंस?"

मी तिला बादलीचं उदाहरण दिलं. थंडीत आमच्याकडे बादलीत हिटरची कांडी टाकून पाणी तापवायचे. न ढवळता हात घातला तर वर चटका बसतो, आणि हात कोपरापर्यंत जाईतो बोटं गारठतात. मध्ये कुठेतरी, चार बोटांच्या जाडीत, गरम संपून थंड सुरू झालेलं असतं. समुद्र म्हणजे अशीच न ढवळलेली बादली. ऊन वरून तापवतं, वारा वरचा थर घुसळून एकसारखा करतो, म्हणून वरचं पाणी कोमट. मग एका ठरावीक खोलीवर तापमान झपकन उतरतं आणि त्याच्या खाली पुन्हा हळूहळू, सावकाश. जिथे ते सगळ्यात झपाट्याने उतरतं ती खोली शोधून काढायची, हे माझं काम. तिला शास्त्रात भारदस्त नाव आहे. आम्ही आपसात नुसतं 'उतार' म्हणायचो.

आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मगे ढवळूक काय जाता?"

सरकारने हा पर्याय विचारात घेतला नव्हता. उतार कुठे आहे हे माहीत असलं की दोघांची सोय होते. काही मासे त्याच्या आसपास राहणं पसंत करतात, म्हणून मासेवाल्यांची. आणि पाण्यातून सोडलेला आवाज त्या थरापाशी वाकतो, म्हणून पाणबुडीला त्याच्याखाली लपता येतं, म्हणून आरमाराची. अशी दोन गिऱ्हाइकं. तिसरं गिऱ्हाईक नंतर आपल्या पायांनी चालत आलं. ते पुढे सांगतो.

उतार शोधायचा म्हणजे करायचं काय, तेही सांगतो, कारण माझं पाप तिथेच आहे. एका जागी वेगवेगळ्या खोलीवरची तापमानं घ्यायची. वरच्यातून खालचं वजा करायचं, म्हणजे किती अंश उतरलं ते कळतं. मग त्या दोन खोल्यांमध्ये जेवढं अंतर असेल त्याने भागायचं. भागायचं का? घाटकोपरची टेकडी डोळ्यांसमोर आणा. एक माणूस दहा पावलांत एक मजला खाली येतो, दुसरा पन्नास पावलांत दोन मजले. जास्त खाली आला तो दुसरा. पण जपून पाय टाकायला हवा तो पहिल्याने. उतार ठरवायचा तर पावलांनी भागावंच लागतं.

हे मला माहीत होतं. पदवी होती माझ्याकडे.

पण प्रोग्राम लिहिणारा माणूस म्हणजे त्या काळी कचेरीत देवाचा पुजारी असे, आणि पुजारी मीच एकटा. आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. शहरातल्या एका मोठ्या संस्थेच्या कॉम्प्युटरवर थोडा वेळ उसना मिळायचा. प्रोग्रामची एकेक ओळ एकेका पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून लिहायची, ती कार्डं चपलांच्या खोक्यात भरायची आणि बाळंतिणीला नेतात तशी जपून न्यायची. यंत्राचा वेळ जपून वापरा, असं मोठे साहेब रोज बजावायचे. भागाकाराला यंत्र वजाबाकीपेक्षा जास्त वेळ घेतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. आणि मी प्रोग्राम लिहीत होतो तो आमच्या नव्या जहाजासाठी. त्या जहाजावर बारीक तारेला लावलेलं एक यंत्र पाण्यात सोडत, ते कागदावर तापमानाची अखंड रेघ काढी, आणि त्या रेघेवरून आम्ही दर दहा मीटरचं तापमान वाचून घेत असू. सगळीकडे अंतर दहाच. सगळ्यांनाच दहाने भागलं काय आणि नाही भागलं काय, सगळ्यात मोठा तो मोठाच राहणार. मी भागाकाराचं कार्ड काढून टाकलं. त्याने यंत्राचा जो वेळ वाचला तेवढ्या वेळात एक शिंकही पुरी होत नाही. पण साहेबांनी पाठ थोपटली. मीही माझी थोपटली.

आता सुलभा वाघमारे. ती माझ्याच पदावर होती, माझ्या शेजारच्या टेबलावर. गाव मराठवाड्यात, नोकरीला लागल्यावर राहायला नाहूरला मोठ्या बहिणीकडे. कचेरीत सगळे कोकणातले नाहीतर किनाऱ्यावरचे. समुद्र आम्हाला वाडवडिलांकडून मिळालेला, त्यामुळे त्याची किंमत शून्य. सुलभाने तो कॉलेजात गेल्यावर पहिल्यांदा बघितला. एकदा डबा खाताना ती म्हणाली, "आमच्याकडे विहिरीत वाकलं की तळ दिसतो. उन्हाळ्यात तर फक्त तळच दिसतो. मला एकदा अशा पाण्यावर उभं राहायचंय प्रमोद, ज्याचा तळ कुणी बघितलेला नाही."

"ओकशील," मी म्हणालो.

"ओकेन की. पण तिथे ओकेन."

जहाजावर जायला तिने अर्ज केला होता. आमच्या कचेरीतून तोवर एकही बाई मोहिमेवर गेली नव्हती. साहेबांचा विरोध नव्हता. विरोध असा साहेबांचा कशालाच नसे, त्यांना फक्त अडचणी दिसत. जहाजावर न्हाणीघर एकच, खलाशी काय म्हणतील, तुझ्या घरचे काय म्हणतील. शेवटी ते म्हणाले, "वाघमारे, तू आधी किनाऱ्यावर काहीतरी करून दाखव. मोठं सेमिनार आहे, बाहेरचे पाहुणे येतायत. छान प्रेझेंट कर. मग हिवाळ्याच्या मोहिमेत तुझं नाव घालतो. प्रॉमिस."

सुलभाने मोठं काम घेतलं. नव्या जहाजाची सगळी आकडेवारी, आणि शिवाय आमच्या जुन्या जहाजाची. अख्ख्या किनाऱ्यासमोरच्या समुद्राचा उतार एका नकाशावर. ती कार्डांचं खोकं घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

"प्रमोद, जुन्या जहाजाचा डेटा तुझ्या प्रोग्रामला चालेल ना रे?"

"डोळे झाकून दे."

"नक्की? त्यांच्यात बाटल्या होत्या..."

"तापमान ते तापमान. जुन्या जहाजाचा समुद्र वेगळा होता काय?"

ती हसली. मीही हसलो. ह्या वाक्यावर मी किती खूश झालो होतो ते मला अजून आठवतं.

त्या बाटल्यांचं असं होतं. जुन्या जहाजावरून तारेला ओळीने बाटल्या बांधून खाली सोडत, प्रत्येकीला थर्मामीटर. मग तारेवरून एक वजन सोडायचं. ते घसरत जाऊन बाटलीला टोला देई, बाटली उलटी होई आणि त्या खोलीचं तापमान थर्मामीटरमध्ये जिथल्या तिथे अडकून राही. बाटल्या मोजक्या. म्हणून वरच्या भागात त्या दर दहा मीटरवर बांधत, आणि खाली जावं तशी अंतरं वाढवत नेत, पंचवीस मीटर, मग पन्नास. म्हणजे माझा प्रोग्राम घाटकोपरच्या टेकडीवरच्या त्या दुसऱ्या माणसाला, पन्नास पावलं चालणाऱ्याला, दरवेळी पहिला नंबर देत होता. जुन्या जहाजाने मोजलेला सगळा समुद्र माझ्या कृपेने खोल गेला. खरा उतार वर राहिला आणि आम्ही तो पार खाली दाखवला.

जुनं जहाज दक्षिणेकडे फिरलेलं, नवं उत्तरेकडे. सुलभाने नकाशा रंगवला तेव्हा समुद्रात चक्क एक पायरी दिसली. एका रेषेच्या उत्तरेला उतार उथळ, दक्षिणेला एकदम खोल. कुणी पट्टी ठेवून कापावी तशी.

"मला ही पायरी पटत नाही," सुलभा म्हणाली. "दोन-चार ठिकाणचं हाताने काढून बघते."

"कॉम्प्युटर काय मग पूजेला ठेवलाय?"

"तसं नाही रे. पण समुद्र असा कापल्यासारखा असतो का कधी?"

मी उत्तर देण्याआधी साहेब मागून आले. त्यांनी नकाशा उजेडात धरला. "ब्युटिफुल! अरे, ही तर डिस्कव्हरी आहे! वाघमारे, हाताने वगैरे काढत बसू नकोस, पडद्यावर दाखवायला ट्रान्सपरन्सी करायला घे. ह्या पायरीला आपण नाव देऊ." कोणाचं नाव द्यायचं ते साहेबांनी सांगितलं नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते आधीच छापलेलं होतं.

सेमिनारच्या दिवशी आमच्या कचेरीचा हॉल भरला होता. मी तिसऱ्या रांगेत. सुलभा चांगलं बोलली. विमानं आली तेव्हा अचूक थांबली, गेली तेव्हा अचूक सुरू झाली. पायरीचा नकाशा पडद्यावर आला तेव्हा साहेबांनी मागे वळून सगळ्यांचे चेहरे बघितले, वाढप्याने पंगत बघावी तसे. मग पाहुण्यांपैकी एक वयस्क प्राध्यापक उभे राहिले. आवाज अगदी मऊ.

"बाई, एक विचारू? तुमची ही पायरी जिथे लागते, तिथेच तुमचं जहाजही बदलतं. समुद्राला कसं कळलं जहाज बदललं ते?"

हॉल हसला. हसणं संपायच्या आत मला माझं कार्ड आठवलं. काढून टाकलेलं. बाटल्या, पंचवीस, पन्नास, सगळं एका दमात डोळ्यांसमोर आलं. सुलभाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादा शब्द आठवत नसला की आपण शेजाऱ्याकडे बघतो ना, तसं. आणि तेवढ्यात विमान आलं.

आता नशिबाने यापेक्षा जास्त काय करावं? एका विमानाचा पूर्ण वेळ मला फुकट मिळाला. सगळा हॉल गप्प, सगळे पंख्याकडे बघतायत, घाई कुणालाच नाही. उठायचं, आणि विमान गेलं की एक वाक्य बोलायचं. मी पंख्याकडे बघत बसलो. पंखा बंद पडलेला. तीन पाती होती. एकावर जळमट होतं.

विमान गेलं. सुलभा म्हणाली, "सर, हे माझ्याकडून तपासायचं राहिलं."

'माझ्याकडून.' मी चहाला गेलो. त्या दिवशी चहाबरोबर बटाटेवडे होते आणि मी दोन खाल्ले, हेही सांगून टाकतो. लपवून काय करू.

साहेब आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. डिस्कव्हरी नावासकट बुडाली होती. मग त्यांनी मला बोलावलं. "शिरोडकर, वाघमारेला आत्ता पाठवण्यात अर्थ नाही. बेसिकच कच्चं आहे. मराठवाड्यातली मुलगी, समुद्राशी संबंध काय? हिवाळ्याच्या मोहिमेत तिच्याऐवजी तू जा."

मी नाही म्हणायचं ठरवून आत गेलो होतो. "थँक यू सर" म्हणून बाहेर आलो. तोंड उघडायला धैर्य लागतं असं म्हणतात. खोटं आहे ते. मी तोंड उघडलं की.

मोहिमेबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. कोकणातल्या सात पिढ्यांच्या वतीने मी पहिल्या संध्याकाळपासून ओकलो. ज्याचा तळ कुणी बघितलेला नाही अशा पाण्यावर मी उभा होतो, फक्त उभा राहता येत नव्हतं. बिछान्याला धरून पडलो होतो. वरच्या बिछान्यावरचा खलाशी मला रोज लिंबू आणून द्यायचा आणि म्हणायचा, "साब, आपको किसने भेजा?" त्याला काय सांगणार, मला भागाकाराने पाठवलं म्हणून.

परत आल्यावर मी काय केलं? चूक कबूल केली, असं वाटलं असेल तर तुम्ही फार चांगले आहात. मी गुपचूप ते कार्ड प्रोग्राममध्ये घातलं, दोन्ही जहाजांची सगळी गणितं पुन्हा करून घेतली आणि नवा नकाशा सुलभाच्या टेबलावर ठेवला. पायरी गेली होती. उतार दक्षिणेकडे हलकेच, शहाण्यासारखा खाली जात होता.

"हे काय?" तिने विचारलं.

"प्रोग्रामचं नवीन व्हर्शन. थोडी सुधारणा केलीय."

ती नकाशा बघत राहिली. मग पेन्सिल घेऊन तिने जुन्या जहाजाची एकच जागा घेतली. वजाबाकी केली, अंतराने भागलं. मी उभाच होतो. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"भागाकार," ती म्हणाली.

"हं. म्हणजे, सुधारणा म्हणजे तेच."

"बरं झालं, सुधारलंत शिरोडकर."

त्या दिवसापासून ती मला शिरोडकर म्हणू लागली आणि अहो-जाहो करू लागली. आमच्या कचेरीत शिपायापासून सगळे एकमेकांना अरे-तुरे करत. साहेब सोडून इतका मान मलाच होता.

आता ते तिसरं गिऱ्हाईक. वर्षभराने अंधेरीच्याच एका स्टुडिओतला चव्हाण नावाचा माणूस आला. सिनेमाचे सेट लावायचं त्याचं काम. खलनायकाचा अड्डा समुद्राच्या तळाशी आहे, भिंतीवर लावायला 'सायंटिफिक टाइप' नकाशे पाहिजेत. साहेबांना सिनेमाचं नाव ऐकून घाम फुटला. आनंदाने.

चव्हाणने माझ्या टेबलापाशी बसून बिडी काढली, 'धूम्रपान मनाई'ची पाटी बघितली, परत ठेवली. "साहेब, एक विचारू? समुद्राच्या तळाला गरम होत असेल ना? आमचा व्हिलन कोट काढत नाही."

"थंड असतं. खूप थंड."

"मग झकास. कोट बरोबर आहे." त्याने समाधानाने मान हलवली. "आता नकाशा द्या. जुनापाना चालेल. रंगीत पाहिजे. बघितल्यावर वाटलं पाहिजे, की काहीतरी भयंकर आहे."

भयंकर नकाशा माझ्याकडे एकच होता. पायरीचा. कपाट उघडलं की तो वर दिसायचा, म्हणून मी ते कपाट उघडायचंच सोडलं होतं. म्हटलं, बरी ब्याद जाईल. गुंडाळी करून चव्हाणच्या काखेत दिली. एखाद्याला पुरावा असा सरकारी खर्चाने नष्ट करायला मिळतो, त्यातला मी.

सिनेमा लागला. मुलुंडच्या थिएटरात मी बायकोला घेऊन गेलो, आणि पुढच्या दोन रांगांत आमची निम्मी कचेरी बसलेली. मध्यंतरानंतर अड्डा आला. कोट घातलेला खलनायक हातात छडी घेऊन भिंतीपाशी गेला आणि त्याने छडी टेकवली ती बरोबर आमच्या पायरीवर. "हमारी पनडुब्बी यहाँ छुपेगी!" म्हणजे एवढ्या मोठ्या देशात माझ्या गणितावर विश्वास ठेवणारा एक तरी माणूस निघाला. मग कॅमेरा छडीच्या मागे मागे जवळ गेला, आणि नकाशाच्या कोपऱ्यात, हातभर लांब अक्षरांत, अख्ख्या पडद्यावर दिसलं: 'काम: सु. वाघमारे.'

ते नाव मी विसरलो होतो. पुरावा नष्ट करताना मी तिचं नाव त्याला चिकटवूनच पाठवलं होतं. माझं नाव प्रोग्रामच्या कार्डांवर होतं, आणि कार्डं कुणी भिंतीवर लावत नाही.

पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, वाघमारे व्हिलनकडे लागली!" सगळे हसले. बायकोने विचारलं, "ही कोण रे?" मी म्हणालो, "ऑफिसातली." हसणं थांबलं तरी माझ्या कानात ते चालूच होतं.

कचेरीत नंतर तो विनोद झाला. कुणाचं काम चुकलं की "वाघमारे केलं" म्हणायचे. सुलभाच्या समोरसुद्धा. त्याच दिवसांत पुढच्या मोहिमेची यादी सुरू झाली, तिने पुन्हा अर्ज केला, आणि साहेब हसून म्हणाले, "कुठल्या जहाजावर, आपल्या की त्या व्हिलनच्या?"

हे मी ऐकलं. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की मी जे केलं ते संपलेलं नाही. तिची मोहीम गेली ते एकदाच झालं, असं मी समजत होतो. ती रोज जात होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये मी तिच्यासमोर जाऊन बसलो. रात्रभर वाक्यं जुळवली होती. फार सुंदर वाक्यं होती.

"सुलभा, मला तुझी माफी मागायचीय. तो भागाकार..."

तिने डब्याचं झाकण लावलं. "इथे नको."

"का?"

"इथे कोण आहे? मी आहे आणि तुम्ही आहात. मला माहितीये, तुम्हालाही माहितीये. मग काय उपयोग? तुम्ही गप्प कुठे बसला होता?"

"हॉलमध्ये."

"मग तिथे बोला."

"सगळ्यांसमोर?"

"गप्प सगळ्यांसमोरच बसला होता ना?" ती उठली. मग थांबून म्हणाली, "आणि शिरोडकर, 'सुधारणा' हा शब्द वापरू नका."

मी अजून आठवडा घालवला. मी काही एकदम सुधारणारा माणूस नव्हे. दर शुक्रवारी हॉलमध्ये कचेरीपुरतं व्याख्यान असायचं. मी माझं नाव लावलं आणि विषय दिला: 'उतार काढण्याची पद्धत.' साहेब खूश झाले. त्यांना वाटलं, पुजारी नवीन आरती लिहितोय.

सुलभा पुढे मोहिमेवर गेली की नाही, हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर वाचकांना वाटेल मी ते शेवटी श्रेय घ्यायला राखून ठेवलं. गेली. त्याच हिवाळ्यात आणि नंतर अनेकदा. एकदाही ओकली नाही. त्यात माझं काही नाही. ती जायची अर्जाच्या दिवसापासूनच होती, मी फक्त मध्ये उभा होतो.

त्या शुक्रवारी हॉलमध्ये आमचेच लोक होते, पण सगळे. सुलभा तिसऱ्या रांगेत बसली होती. सेमिनारला मी बसलो होतो त्याच खुर्चीवर. हे तिने मुद्दाम केलं की नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही. मी पडद्यावर बादली काढली, टेकडी काढली, पावलं काढली. सगळे माना डोलवत होते. मग जुन्या जहाजाच्या बाटल्या काढल्या. तेवढ्यात लांबून विमान ऐकू आलं.

आमच्या कचेरीत विमान आलं की माणूस थांबतो. मी थांबलो नाही. वेग वाढवला. आवाज डोक्यावर आला तेव्हा मी भराभर बोलत होतो, कार्ड मी काढलं, प्रोग्राम माझा होता, हिने दोनदा विचारलं होतं, चूक हिची नव्हती, माफ कर. सगळं बोलून झालं. कुणाला एक अक्षर ऐकू गेलं नाही. सगळे पंख्याकडे बघत होते. इतकं सोपं होतं ते.

विमान गेलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. मी कागद गोळा करायला लागलो.

"प्रमोद," सुलभा तिसऱ्या रांगेतून म्हणाली. "विमान गेलं. आता बोल."

हॉलमधले सगळे वळून आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागले. मी कागद खाली ठेवले.

"तो पायरीचा नकाशा चुकला," मी म्हणालो, "कारण मी अंतराने भागलं नव्हतं. प्रोग्राम माझा होता. वेळ वाचवायला भागाकार मी काढून टाकला होता. जुन्या जहाजाला हा चालेल का, असं सुलभाने मला विचारलं होतं, मी म्हणालो डोळे झाकून दे. तिला ते हाताने तपासायचं होतं, मी तिची टिंगल केली. पाहुण्यांनी प्रश्न विचारला तेव्हा मला उत्तर माहीत होतं. मी तिथे, त्या खुर्चीवर बसून पंख्याकडे बघत राहिलो. तिने चूक स्वतःवर घेतली, आणि तिच्या जागी जहाजावर मी गेलो. त्या सिनेमावाल्याला नकाशासुद्धा मीच दिला, तो डोळ्यांसमोर नको म्हणून. 'वाघमारे केलं' असं यापुढे कुणी म्हणायचं नाही. म्हणायचंच असेल तर 'शिरोडकर केलं' म्हणा. सुलभा, माझं चुकलं. मला माफ कर."

तेव्हा एकही विमान आलं नाही.